‘ठाऊक असणे आणि करणे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या मागील लेखावर परवा रात्री पावणेबाराला एका वाचकाची प्रतिक्रिया आली. ती तीनच वाक्यांची असल्यामुळे जशीच्या तशी देतो. ‘बंद घड्याळाचे उदाहरण गेटियरचे नाही, रसेलचे आहे. ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर कर्तव्याचा भार नाही, हे तुमचे मुख्य विधान चूक आहे, कारण ठाऊक करून घेणे हेच पुष्कळदा पहिले कर्तव्य असते आणि क्लिफर्डने ते 1877 मध्येच सांगून ठेवले आहे. नीती पुस्तकांतून शिकलेल्या माणसाला निर्णयाचा चटका बसलेला नसतो, त्याचे हे असे होते.’

आपण नमस्कार लिहिलेला नाही, तो मी लिहितो. नमस्कार.

पहिले वाक्य मला मान्य आहे. भिंतीवरचे घड्याळ बंद पडलेले असते, पाहणारा योगायोगाने नेमक्या त्याच वेळी पाहतो, वेळ बरोबर निघते आणि तरीही त्याला वेळ ‘ठाऊक होती’ असे म्हणवत नाही, हे उदाहरण बर्ट्रांड रसेलच्या 1948 च्या ग्रंथातले आहे. एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या 1963 च्या तीन पानी निबंधात याच मुद्द्यासाठी खिशातली 10 नाणी आणि फोर्ड मोटार येते, घड्याळ येत नाही. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. मात्र श्रेयाचा हिशेबच मांडायचा असेल, तर तो रसेलपाशी तरी का थांबवावा? बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात प्रमेची, म्हणजे यथार्थ ज्ञानाची, व्याख्या खोडून काढताना मुठीतल्या कवड्यांचे उदाहरण दिले आहे: समोरचा मूठ मिटून कवड्या किती ते विचारतो, ऐकणारा अंदाजाने पाच म्हणतो आणि निघतातही पाचच. उत्तर खरे असले तरी ते ज्ञान नव्हे. तेव्हा आपली दुरुस्तीही अर्धीच म्हणायची.

आता तिसऱ्या वाक्याविषयी. त्यातला ‘चटका’ हा शब्द मी दोन दिवस मनात घोळवतो आहे. लिहिणाऱ्याने काय भोगले आहे याची काडीमात्र कल्पना नसताना असा शब्द टाकणे, ही ज्ञानमीमांसेच्या चर्चेत शोभणारी गोष्ट आहे का? आधार असल्याशिवाय समज बाळगू नये, असे क्लिफर्ड या इंग्रज तत्त्वज्ञाच्या नावाने मला सुनावणारे आपण, माझ्याविषयीची ही समज कोणत्या आधारावर बाळगता? आपण मला पाहिलेले नाही आणि माझे घर, माझी नोकरी, माझे वय यांतले काहीही आपल्याला ठाऊक नाही. प्रत्यक्ष नाही, अनुमानाला लिंग, म्हणजे खूण, नाही आणि कोणा विश्वासू माणसाचा शब्दही नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानली. उरलेल्या उपमानावर, म्हणजे साम्यावरून केलेल्या तुलनेवर, आपण हे वाक्य लिहिले असेल, तर ते उपमान कोणाचे, हे मी विचारणार नाही.

चटक्याचा विषय आपणच काढला आहे, म्हणून सांगतो. 1998 च्या मे महिन्यात, ऐन नवतपात, माझ्या कार्यालयातील एक सहकारी मला सीताबर्डीवरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेला. त्याला कर्मचाऱ्यांच्या एका पतसंस्थेतून कर्ज हवे होते आणि जामीनदार कमी पडत होता. टपरीच्या पत्र्याच्या टेबलावर त्याने चार पानांचे जामीनपत्र पसरले, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर चहाची बशी ठेवली आणि स्वतःच्या खिशातले पेन काढून टोपण उघडून माझ्या हातात दिले. पेन्सिलीने फुल्या केलेल्या जागी मी सह्या केल्या. त्याचे दुसरीकडेही कर्ज असल्याचे कार्यालयात कोणीतरी बोलले होते, परंतु भरल्या चहाच्या कपासमोर माणसाला असले काही विचारणे बरे दिसत नाही. पुढच्या वर्षी त्याने हप्ते थांबवले आणि माझ्या पगारातून 41 महिने दरमहा 640 रुपये कापले गेले. त्या काळात घरात मोठी मुलगी बारावीला होती. त्यामुळे निर्णय कशाला म्हणतात हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

या प्रसंगातूनच माझे विधान सिद्ध होते, हेही आपल्या लक्षात आले असते, जर लेख शांतपणे वाचला असता. कायद्याने मी बांधील होतो, कारण भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते आणि त्याला काय ठाऊक होते हे कायदा तेथे विचारत बसत नाही. नैतिक दोष ही वेगळी गोष्ट आहे. ‘करायला हवे’ म्हणताना ‘करता येते’ हे गृहीत धरलेले असते, असे कांटच्या विचाराचे सार सांगितले जाते. आणि जे मला ठाऊकच नव्हते, त्यानुसार वागणे मला कसे करता आले असते? म्हणून पैसे गेले तरी दोष माझा नव्हता, असे मी तेव्हाही घरात सांगितले होते आणि आजही सांगतो. माझी पत्नी याबाबतीत आपल्या बाजूची आहे, पण तिने क्लिफर्ड वाचलेला नाही.

राहिले दुसरे वाक्य. क्लिफर्डचे जहाज मला ठाऊक आहे. जहाज जुने झाले आहे, डागडुजी हवी आहे, हे मालकाला जाणवते. तो मनाची समजूत घालतो, प्रवाशांना रवाना करतो, जहाज बुडते आणि मालक विम्याचे पैसे घेतो. जहाज सुखरूप पोहोचले असते तरी तो तितकाच दोषी ठरला असता, असे क्लिफर्ड म्हणतो आणि त्यात मला वाद घालायचा नाही. परंतु ते उदाहरण येथे लागू पडत नाही. त्या मालकाच्या मनात शंका आली होती आणि त्याने ती दडपली. माझ्या मनात शंका आली होती, असे म्हणता येणार नाही. कानावर आले होते, इतकेच. या मुद्द्यावर यापलीकडे लिहिण्याची मला आवश्यकता वाटत नाही.