कार्यशाळेचे पैसे भरण्यापूर्वी (शक्यतो भरल्यावरच) वाचा

'लँडस्केप फोटोग्राफी वर्कशॉप, भंडारदरा, दोन दिवस एक रात्र, मोजक्याच जागा.' हे पोस्टर तुमच्याही मोबाइलवर आलंच असेल. पोस्टरवर एक माणूस खडकावर एकटा उभा असतो. पुढ्यात ट्रायपॉड, खाली धुक्याने भरलेलं खोरं, आभाळात केशरी उजेड. हे बघून ज्याच्या मनात पहिला प्रश्न 'किती घेतात?' असा येतो, त्याच्यात मुळात कलावंतच नाही. तेव्हा पैसे भरावेत की नाही, हे ठरवायची पहिली पायरी म्हणजे पोस्टरकडे पुन्हा एकदा बघणे. बहुतेकांना दुसऱ्या पायरीची गरज पडत नाही.

काही चिकट लोक तरीही हिशेब मांडतात. फी ९,९९९. घोटीपर्यंत एसटी, तिथून शेंडीची जीप, रतनवाडीत कुणाच्या तरी घरी मुक्काम, दोन वेळा पिठलं-भाकरी, वर लोणचं. हे सगळं धरूनही इतके पैसे उरतात की बरा ट्रायपॉड येईल. असा हिशेब करू नये, माणूस घरीच बसतो. शिवाय त्यात पहाटे चारला उठवणाऱ्या माणसाची मजुरी धरलेली नसते. घरी हे काम अलार्म फुकटात करतो, पण त्याला आपण पैसे मोजलेले नसतात, म्हणून त्याचा गळा दाबता येतो. दहा हजाराला एक रुपया कमी दिलेला माणूस अंधारात बिनतक्रार उठतो. (हे मात्र मी उपरोधाने म्हणत नाही. माझ्या आयुष्यातले जे तीन सूर्योदय मी पाहिले, ते तिन्ही पैसे भरून.)

आता मार्गदर्शकाबद्दल. एका सरांमागे किती विद्यार्थी, हे विचारणं उद्धटपणाचं आहे. आम्ही सतरा होतो. सर स्वतःचाही कॅमेरा घेऊन आले होते, त्यामुळे खरं तर अठरा. रतनवाडीच्या बाजूला जलाशयाच्या काठी जी एकमेव कोरडी, सपाट जागा होती, तिथे सरांनी ट्रायपॉड लावला आणि आम्हाला म्हणाले, "आपापला अँगल शोधा." शोधाअंती आम्ही सतराही जण सरांच्या मागे अर्धवर्तुळात उभे राहिलो. अध्यापन सुरू झालं.

"एफ-२२ ला ठेवा, सगळं शार्प येतं," सर म्हणाले. भौतिकशास्त्राचं म्हणणं जरा वेगळं आहे. भिंगातलं छिद्र एवढं बारीक केलं की प्रकाशाचं विवर्तन होतं आणि सगळंच चित्र किंचित मऊ पडतं. म्हणून पुष्कळ जण एफ-८ ते एफ-११ च्या आसपास थांबतात. पण भौतिकशास्त्राने फी घेतलेली नव्हती, सरांनी घेतली होती. आम्ही एफ-२२ ला ठेवलं.

मग एकाने काळी फिल्टर काढली. दहा स्टॉपची एनडी म्हणजे उजेड साधारण हजार पटीने कमी. जिथे सेकंदाचा तिसावा भाग पुरतो, तिथे अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पाणी रेशमासारखं होतं आणि ढग ओढल्यासारखे दिसतात. आमच्यासमोर मात्र पाणी नव्हतं, ढग नव्हते आणि पलीकडचा रतनगड किल्लाही नव्हता. होतं ते धुकं. आम्ही सतरा जणांनी ओळीने तेहतीस-तेहतीस सेकंद धुकं टिपलं. पडद्यावर उमटला तो स्वच्छ पांढरा आयत. "मूडी आहे," सर म्हणाले. शेजारच्या काकांनी रुमाल भिजला म्हणून बनियनने भिंग पुसलं आणि पुन्हा एकदा तोच आयत घेतला, या वेळी उभा.

आमच्यासोबत गावातला एक वाटाड्या होता. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, पायात प्लॅस्टिकचे बूट. तो पहाटे साडेचारलाच म्हणाला होता, "आज धा वाजल्याबिगर गड उघडायचा नाय. झोपा निवांत." पण त्याचं नाव पोस्टरवर नव्हतं, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. सव्वादहाला पडदा सरकावा तसं धुकं वर गेलं आणि वरच्या नेढ्यासकट (म्हणजे कातळातल्या आरपार भोकासकट) अख्खा रतनगड समोर उभा राहिला. आम्ही तेव्हा पोहे खात होतो. वेळापत्रकात दहा ते अकरा नाश्ताच होता.

अशा वेळी पैसे परत मागावेत का? छे. नियम नीट वाचा. पोस्टरवर 'जादुई प्रकाशाची हमी' लिहिलेलं असतं आणि अर्जाच्या शेवटच्या ओळीत 'निसर्गावर आमचे नियंत्रण नाही'. दोन्ही वाक्यं खरी आहेत. फक्त पहिलं पैसे भरण्याआधी वाचायचं असतं आणि दुसरं नंतर. तसा घाटघर-रतनवाडी हा पट्टा पावसाच्या बाबतीत नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणून ओळखला जातो. ही माहिती आयोजकांकडे असतेच. पण तुम्हाला ती सांगून ते उत्साहावर पाणी कशाला ओततील? ते काम पाऊस करतोच.

काही गोष्टींवर तर निसर्गाचंही नियंत्रण नसतं. दुपारी आम्हाला अंब्रेला फॉल दाखवायला नेलं. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ चं. त्याच्या मोरीतून सोडलेलं पाणी खालच्या गोलसर कातळावरून छत्रीसारखं पसरतं, म्हणून हे नाव. म्हणजे या निसर्गदृश्याची कळ जलसंपदा खात्याच्या हातात असते. त्या दिवशी कळ बंद होती. सरांनी आम्हाला कोरड्या कातळाचं 'टेक्स्चर' घ्यायला लावलं. ज्यांना धबधबाच हवा होता, त्यांनी पुढच्या वेळी सरांऐवजी पाटबंधाऱ्याच्या शाखा अभियंत्याला आधी फोन करावा, असं माझं नम्र मत आहे.

एक इशारा दिलाच पाहिजे. या धंद्यात काही विचित्र माणसंही आहेत. ती सहा-सात जणांहून जास्त घेत नाहीत. आधी तुमचे जुने फोटो मागवतात आणि त्यात काय बिघडलंय ते तोंडावर सांगतात. तिथे गेल्यावर स्वतःचा कॅमेरा बॅगेतच ठेवतात आणि तुमच्या मागे उभं राहून विचारतात, "क्षितिज का वाकडंय? हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघितला का? पोलरायझर असा नुसता काय गरगर फिरवताय? सूर्याशी काटकोनात उभे राहा, मग आभाळ गडद होईल." पाऊस लागला तर पडवीत बसवून तुमच्याच फोटोंची चिरफाड करतात. गावातल्या वाटाड्याला विचारून वेळापत्रक बदलतात. पोहे कॅमेऱ्याजवळ येतात, कॅमेरे पोह्यांजवळ जात नाहीत. अशा लोकांपासून लांब राहा. तिथे शिकावं लागतं. आणि परत आल्यावर पुढच्या वर्कशॉपची गरजही उरत नाही, म्हणजे पुढच्या वर्षीच्या सुट्टीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतोच.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. सप्टेंबरात त्या भागात सोनकी फुलते, पिवळा सडा पडल्यासारखा उतार दिसतो. सर म्हणाले, "फोरग्राउंडला फुलं घ्या, खाली वाका." सतरा जण वाकले. सतरा जणांच्या चटयाही फुलांवर पसरल्या. तासाभराने पुढच्या गटासाठी तिथे फोरग्राउंड म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. संध्याकाळी मग पडद्यावर संस्करणाचं सत्र झालं. कालच्या पांढऱ्या आयताला सरांनी दोन क्लिकमध्ये केशरी आभाळ बसवलं. कुठल्या गावचं आभाळ, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. काकांनी हळूच विचारलं, "मग हे घरबसल्या नसतं का झालं?" त्यांना सगळ्यांनी गप्प केलं. सतरांतल्या एकानेही जर हा प्रश्न मनावर घेतला असता, तर उरलेल्या सोळांचे पैसे वाया गेले असते.

एवढं सगळं वाचूनही निर्णय होत नसेल, तर आधी जाऊन आलेल्यांना विचारा. ते 'मस्त होतं' असंच सांगतील. ९,९९९ रुपये भरलेला माणूस दुसरं काय सांगणार? मीही हेच सांगतो. आमचा ग्रुप अजून चालू आहे, रोज सकाळी तिथे एकमेकांचा तोच रतनगड येतो आणि आम्ही त्याला अंगठे देतो.

परवा त्यांचं नवीन पोस्टर आलं. खडकावर एक माणूस एकटा उभा आहे, निळा रेनकोट, पुढ्यात ट्रायपॉड, आभाळ केशरी. रेनकोटच्या खांद्यावरचं ठिगळ ओळखीचं वाटलं म्हणून फोटो मोठा करून पाहिला. मीच होतो. बाकीचे सोळा जण कापून टाकलेत, फक्त डाव्या कोपऱ्यात काकांच्या ट्रायपॉडचा एक पाय राहून गेलाय.