मॅच ग्रेडच्या डबीत शिशाचा कचरा

एअर रायफलच्या पेलेटची, म्हणजे शिशाच्या छर्‍यांची, नवी कोरी डबी. सील जागच्या जागी. वर ऐटीत छापलंय: मॅच ग्रेड (म्हणे स्पर्धेच्या दर्जाची), हेड साइज ४.५० मिलिमीटर, वजन ०.५३ ग्रॅम. पांढऱ्या कागदावर ओतली, तर पेलेटच्या आधी राखाडी भुकटीच पसरली. मेल्यांनो, पेलेट विकता की भंगारवाल्याचा झाडू झटकता?

बरं, भुकटी एक वेळ चालवून घेऊ. (फुंकर मारू नका, शिसं आहे ते. ओल्या फडक्याने टिपा.) पण भिंग लावून स्कर्टच्या, म्हणजे पेलेटच्या मागच्या पोकळ घेराच्या, आत बघा. कडेला केसाएवढा शिशाचा काप लोंबतोय, एका टोकाने सुटलेला, दुसऱ्या टोकाने घट्ट. टाचणीने ओढला की गुंडाळी होऊन बाहेर येतो. शेजारच्या पेलेटमध्ये तर तुकडा तळाशी पार दाबून बसलाय, म्हणजे साच्यात दाब पडला तेव्हाच तो आत होता. आंबा घाटातल्या खड्ड्यांवर हे ढकलू नका, खड्ड्यांनी स्कर्ट चेपतात, काप उगवत नाहीत. शिशाची तार कापा, साच्यात दाबा, कडेचा जादा भाग छाटा, धुवा, हलकं वंगण द्या, भरा. एवढीशी तर कामं. त्यातलं धुणं गाळलं आणि पैसे मात्र मॅच ग्रेडचे लावले.

वर दुकानदाराचं ज्ञान: ‘एवढ्याशा कणाने काय होतंय, ट्रिगर बघा तुमचा.’ दहा मीटरच्या एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मिलिमीटर. नेम २.५ मिलिमीटर सरकला की अख्खा एक गुण गेला, पाव मिलिमीटरला ०.१. स्कर्टमध्ये एका बाजूला वजन आलं की फिरणारं पेलेट डगमगणारच. सुटा तुकडा नळीच्या आतल्या ग्रूव्हमध्ये, म्हणजे खाचेत, अडकला तर पुढच्या शॉटलाही प्रसाद. साठ शॉटच्या मॅचमध्ये लोक ०.१ ने फायनल हुकतात, आणि हे म्हणे एवढ्याशा कणाने! वजनकाट्यावरही चोर सापडत नाही. सोनाराकडचा ०.०१ ग्रॅमचा काटा असल्या कापाला ढिम्म हलत नाही, त्याला मिलिग्रॅमचा काटा हवा.

म्हणजे कारखान्याने गाळलेलं काम घरी करा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, चाळणीत थोडी थोडी पेलेट घ्या आणि नुसती हिंदकळवा. चोळलीत की स्कर्ट वाकली. पाणी काळं यायचं थांबेपर्यंत खळबळा, शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड (आम्ल नव्हे). मग जुन्या सुती धोतरावर पंख्याखाली. पावसाळ्यात इथे टॉवेल वाळत नाही, तिथे स्कर्टच्या पोकळीतला थेंब कुठला वाळतोय! कापडाची टोकं धरून अधूनमधून लोळवत राहा. ओली तशीच डबीत भरलीत तर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. बुरशी नाही ती, शिशाचा क्षार, विषारी. तसली पेलेट सरळ बाद. वाळल्यावर तेलाचं बोट लावलेल्या कापडावर एकदा फिरवा, बस्स. स्प्रिंगच्या बंदुकीत तेल जास्त झालं तर ते आत पेटतं आणि वेगाची पार वाट लागते. डबीत सिलिका जेलची पुडी टाका.

ती चाळणी परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. धुण्याचं पाणी माडाच्या आळ्यात ओतू नका, विहिरीजवळ तर नाहीच. गाळ बसू द्या, बाटलीत साठवा. आणि पेलेट ओठात धरून लोड करणाऱ्या शूरवीरांनो, तुम्हाला तर कोपरापासून नमस्कार.

शेजारच्या अंगणात सोलं वाळतायत, काजू वाळतायत. आमच्याकडे पाचशे शिशाचे दाणे, आणि राखणीला एक प्रौढ गृहस्थ, हातात भिंग आणि टाचणी. एकेक दाणा उलटा करून बघतोय. कोणी विचारलं तर सांगायचं, खेळतो.

फ्लॅट हेड (सपाट नाकाची) मागवून होलो पॉइंट (नाकाला भोक असलेली) पाठवणाऱ्यांचा हिशेब वेगळाच. त्याने कागदाला गोल छिद्र पडत नाही, फाटतं, मग गुण मोजा ज्योतिषाकडून. वर नाकाच्या भोकातही तोच कचरा, म्हणजे टाचणी दोन्हीकडून. ‘सर, हे जास्त पॉवरफुल आहे.’ अरे, कागद मारायचाय, रानडुक्कर नव्हे!

आणि ‘परत पाठवा ना’ म्हणणाऱ्यांनो, सील फोडलेली डबी दुकानदार परत घेत नाही, आणि न फोडता आतलं दिसत नाही. त्याला हे बरोब्बर ठाऊक आहे.