हार्डवेअरच्या दुकानातले फुकटचे सल्लागार
खरंच डोकं फिरतं आता. नळाचा वायसर मागायला जावं तर शेजारी उभा असलेला कुणीतरी अनोळखी माणूस लगेच सुरू, अहो वायसर कशाला, टेफलॉन टेप गुंडाळा, गळणं बंद. अरे बाबा, नळ बंद करूनही तोंडातून थेंब थेंब पडतंय म्हणजे बहुतेक आतला वायसर झिजलाय, टेप लावतात ती जोडाच्या आट्यांतून पाणी येत असेल तर, आणि तीही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, नाहीतर नळ फिरवताना सगळी सुटून येते.

सगळेच सल्ले वाईट असतात असं मुळीच नाही. भिंतीत स्क्रू बसवायच्या ६ एमएमच्या प्लगला ड्रिलचा ६ चाच बिट वापर, भोकातली धूळ काढ आणि मग प्लग ठोक, हे मला अशाच एका काकांनी शिकवलं, आजवर एक स्क्रू हललेला नाही. पण त्यांनी आधी विचारलं होतं, भिंत कसली आहे, वजन किती टांगणार. बाकीचे काही विचारतच नाहीत!

परवा तर कहर झाला. एकजण म्हणाला एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडतो, तर दुसरा म्हणे १६ चा काढा, ३२ अँपिअरचा टाका. अहो पण आत वायर तीच जुनी ना, एमसीबी पडायच्या आधी ती तापून जळेल, घराला आग लागेल! मी मध्ये बोलले तर दोघं माझ्याकडेच बघायला लागले, बाईला काय कळतं असं. आणि तो माणूस ३२ चा घेऊन गेलासुद्धा.