'यादी बघितली की झालं' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. काडतुसांच्या आणि पिस्तुलांच्या खुणांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चूक आधी कबूल करतो. 'एसी' हा जर्मन कोड (पिस्तुलावर कारखान्याच्या नावाऐवजी मारलेली गुप्त खूण) वाल्थर या कारखान्याचा, मी तिसऱ्या फोटोखाली माउझर या दुसऱ्याच कारखान्याचं नाव लिहून बसलो होतो. पण एवढं सांगायला 'आधी शिका, मग शिकवा' कशाला लागतं? समोर बसलेल्या माणसाशी तुम्ही असंच बोलता का?

तुम्ही म्हणता, 'यात ज्ञान कसलं? नेटवर यादी मिळते, अक्षर बघायचं आणि कारखान्याचं नाव वाचायचं.'

बरं, वाचा. सोव्हिएत पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळीच्या) बुडावर वर 60, खाली 75. कारखाना कुठला, साल कुठलं? 60 म्हणजे फ्रुंझ (आजचं बिश्केक), 75 म्हणजे 1975. घाईतला माणूस 1960 म्हणून मोकळा होतो. आणि 1952 ते 1956 या काळात सालाच्या जागी आकडाच नव्हता, रशियन अक्षर होतं. आता उघडा यादी! किंवा माउझरचंच घ्या (हो, माझ्याच चुकीचं). त्यांच्या लुगर नावाच्या पिस्तुलांवर आधी 'एस/42', मग नुसतं '42', 1941 पासून 'बीवायएफ'. कारखाना तोच, ओबर्नडॉर्फचा. शत्रूला पत्ता लागू नये म्हणूनच हे कोड होते. सहज वाचता आले असते तर ते ठेवले कशाला असते?

मी हे पुस्तकातून उचललेलं नाही. माझे मामा फौजेत होते. त्यांनी दिलेल्या पत्र्याच्या डबीतल्या रिकाम्या पुंगळ्या मी सतरा वर्षं भिंगाखाली धरतोय. त्यातली एक .303 ची, म्हणजे जुन्या ब्रिटिश रायफलच्या काडतुसाची. बुडावर के, 43 (साल), आणि रोमन सात (काडतुसाचा प्रकार). ब्रिटिश काडतुसावर एकटा के म्हणजे कायनॉक ही ब्रिटिश कंपनी, हे मला पाठ होतं. कित्येक वर्षं मी ती कायनॉकच समजत होतो, चारचौघांत सांगतही होतो. मग एका दुपारी जुन्या टूथब्रशने काळं घासलं, पुंगळी खिडकीशी तिरकी धरली, आणि के च्या शेजारी बाणाचं टोक उमटलं. बाणाच्या पलीकडे अर्धा झिजलेला एफ. के, बाण, एफ. किरकी फॅक्टरी, म्हणजे आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना! तो बाण ब्रिटिश सरकारी मालाची खूण. टोपीभोवतीच्या (बुडाच्या मधोमध ठिणगी पाडणाऱ्या वाटीभोवतीच्या) खाचेत जांभळ्या लाखेचा पुसट ठिपका अजून आहे, पण तो साध्या गोळीचा रंग, कारखाना काही सांगत नाही. यादी तेव्हाही माझ्यासमोरच होती, साहेब. डोळे नव्हते.

बाकी तुमचा मुद्दा, की बुडावरची खूण पुंगळी कोणी बनवली ते सांगते, पुढे ती पुन्हा भरली कोणी हे नाही, आणि खोट्या खुणाही मारतात. असेल. माझा लेख त्यावर नव्हता, त्यामुळे त्यात शिरत नाही. 'हौशी लोकांनी गंभीर विषयांत पडू नये' यालाही उत्तर देत नाही. ते वाक्य लिहिताना तुम्ही स्वतः कोण, हे मात्र लिहायचं राहिलं.

फोटोखालची ओळ काल रात्रीच बदलली आहे. खडकीच्या पुंगळीचा फोटो उद्या टाकतो. यादी घेऊन बसा.