भोंडला, ओटा आणि रात्री आठला घरी येणारी बाई : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या प्रतिक्रियेला तिथेच खाली दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून वेगळंच लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की नवरात्रात आमच्या सोसायटीतल्या बायका रोज संध्याकाळी भोंडल्याचा फेर धरतात, त्यानं अंग मोकळं होतं, मन हलकं होतं आणि त्यातलं थोडंफार वर्षभर टिकवता येतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की सण म्हणजे बाईच्या राबण्याला दिलेलं गोंडस नाव. वर्षातून नऊ दिवस टाळ्या वाजवून कुणाची तब्येत सुधारत नाही. हळदीकुंकू असो नाहीतर मंगळागौर, नवरा गेलेल्या बाईला बाहेर ठेवून साजरा केलेला आनंद तुम्हाला नको. आणि शेवटी, पहाटे उठून डबे करून लोकल पकडणाऱ्या, रात्री आठला घरी पोचणाऱ्या बाईला असले लेख वाचून फक्त अपराधी वाटतं.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्याच्याकडे सावकाश येते.

राबण्याबद्दल तुमच्याशी माझा वाद नाहीच. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं देशभर लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं निघालं. पुरुषांची ९७. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची, आणि असे पुरुष जेमतेम चारांत एक. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवाळीआधी चकलीच्या सोऱ्यापुढे आणि तळणीपुढे तासन्‌तास उभं राहून ज्यांची कंबर धरते, त्या भाऊबीज उरकली की माझ्याकडे येतात. आधी येत नाहीत, कारण आधी वेळ नसतो. तेव्हा सणाचा भार कुणाच्या पाठीवर पडतो हे मला कुणी वेगळं सांगायला नको.

पण म्हणूनच मी भोंडल्याबद्दल लिहिलं. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि खिरापत ओळखायची, की झाला भोंडला. पुरण नाही, सोवळं नाही, पंगत नाही. आपल्याकडे वेळ कमी पडायला लागला तेव्हा काय गळालं ते बघा. मंगळागौरीचं रात्रभराचं जागरण गेलं, नागपंचमीचा झाडाला बांधलेला झोका गेला, हादग्याचा, म्हणजे भोंडल्याचाच, फेर गेला. पुरणपोळी मात्र जागच्या जागी राहिली, कारण ती बाईनं खेळायची गोष्ट नव्हती, इतरांनी खायची होती. सण कमी करायचाच असेल तर ओट्यावरचा करा, अंगणातला राहू द्या, एवढं माझं म्हणणं आहे. ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं आणि आजही त्यावर ठाम आहे.

आमच्या फेरात एक नियम आहे. जी नाचणार तिनं त्या दिवशी खिरापत करायची नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायची, नाहीतर विकत आणायची. गूळ-शेंगदाणे चालतात, पेरूच्या फोडी चालतात, भडंग तर फारच चालतो. खिरापतीची मजा पदार्थात नसते, ओळखण्यात असते. झाकण घट्ट लावलेला डबा मधोमध येतो. तो हलवून बघतात. खुळखुळलं तर कोरडं, नुसतं घसरलं तर ओलं. मग गोड की तिखट, भाजलेलं की तळलेलं, देवाला चालतं की नाही, असे प्रश्न सुरू होतात आणि साठीच्या बायकासुद्धा शाळेतल्या मुलींसारख्या एकमेकींवर ओरडतात. मागे एका घरातल्या बापलेकांनी उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या. डब्याच्या आत त्यांनी पंचा गुंडाळून ठेवला होता, त्यामुळे आवाजच येईना. शेवटपर्यंत कुणालाही ओळखता आलं नाही. त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नवऱ्याला आणि मुलाला सणात काय काम द्यायचं याचं उत्तर मला तरी तिथे मिळालं.

आणखी एक. भोंडल्याची गाणी नीट ऐकलीत तर तुमचीच तक्रार त्यात सापडेल. सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू कारल्याचं बी पेरण्यापासून एकेक अट पुढे ढकलत जाते. ही बाईची कैफियत आहे, आणि ती तिनं दबल्या आवाजात नाही, चारचौघींचे हात धरून, खणखणीत सुरात मांडली आहे. सासू ऐकते आहे हे माहीत असतानाही.

आता तब्येतीचं. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हे माझं रोजचं काम आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हा मुळात नऊ दिवसांचा खेळ नाही. आश्विनात सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हापासून सोळा दिवस हादगा खेळायची रीत आहे. हत्ती आला तो त्या हस्तावरूनच. शहरात ते नवरात्रापुरतं आटलं. जुन्या पद्धतीत पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. खिरापतीचा वाढता आकडा आज कुणी पाळू नये, पण गाण्यांचा जरूर पाळावा. बऱ्याच दिवसांत न हललेल्या माणसाला व्यायामाला लावताना मी नेमकं हेच करते. पहिल्या दिवशी इतकं थोडं द्यायचं की दुसऱ्या दिवशी अंग दुखू नये, आणि मग रोज चिमूटभर वाढवायचं. जानेवारीत जिममध्ये पहिल्याच दिवशी तासभर घाम गाळून तिसऱ्या दिवशी घरी बसणाऱ्यांपेक्षा हादग्याची चाल शहाणी आहे.

दुसरी गोष्ट, फेरात पाय आडवे पडतात. दिवसभर आपण पुढेच चालतो. ओट्यापासून फ्रिजपर्यंत, घरापासून स्टेशनापर्यंत. कमरेच्या बाजूचे, चालताना तोल सांभाळणारे स्नायू असे आडवं पाऊल टाकलं की चांगले कामाला लागतात. ते दुबळे झाले की बाई चालताना डावी-उजवीकडे झुलायला लागते. घरकामातच पुरेसा व्यायाम होतो असं तुम्ही लिहिलं आहे, तिथे मी सहमत नाही. घरकामानं माणूस दमतो हे अगदी खरं. पण त्यात तेच ते वाकणं, तेच ते उभं राहणं असतं. हात खांद्याच्या वर जात नाहीत, पाय बाजूला पडत नाहीत, छाती भरून श्वास घेतला जात नाही. दमणं वेगळं आणि अंगात ताकद येणं वेगळं.

तिसरी फुगडी. दोघींनी समोरासमोर उभं राहून हातांची कैची करायची, चवड्यांना चवडे भिडवायचे, कोपरं सरळ ठेवायची आणि मागे झुकायचं. कोपर वाकलं की तोल गेलाच. अंगानं जड असलेली कमी झुकते, हलकी जास्त, आणि हे दोघींना न बोलता जमवावं लागतं. मनगटाची पकड, पोटऱ्या, पाठ, सगळं एकदम लागतं. थांबल्यावर जे गरगरतं ते कानाच्या आतल्या नलिकांमधला द्रव काही क्षण फिरत राहिल्यामुळे. म्हणून थांबल्या थांबल्या हात सोडायचे नाहीत, एकमेकींकडे बघत उभं राहायचं. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत, ज्यांना चक्करचा त्रास आहे, रक्तदाब आटोक्यात नाही किंवा दिवस गेलेले आहेत त्यांनी फुगडी घालू नये. गुडघे दुखत असतील तर उकिडवं बसून खेळायचा कोंबडा नको. त्यांनी झिम्मा खेळावा, तो कोणत्याही वयात चालतो.

आणि फुगडीला, उड्यांना नको म्हणणाऱ्या बऱ्याच जणींचं खरं कारण गुडघा नसतं. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात, उडी मारली की लघवीचे थेंब जातात. वर्षानुवर्षं त्या हे कुणालाही सांगत नाहीत. खेळायला मात्र उभ्या राहत नाहीत. नियमित आणि नीट शिकून केलेल्या व्यायामानं यात बहुतेकींना चांगला फरक पडतो. हे वाचणाऱ्या कुणालाही असा त्रास असेल तर लाज बाळगू नका, स्त्रीरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. भोंडल्यामुळे माझ्याशी या विषयावर पहिल्यांदा बोलल्या अशा बायका मला माहीत आहेत. फेर सुटल्यावर, चपला घालता घालता.

भोंडल्यानं साखर उतरते, गुडघेदुखी बरी होते असं मी कधीच लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या सूचनेप्रमाणे मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, आणि ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. नऊ संध्याकाळींत वर्षाचा हा हिशेब बसत नाही, हे तुमचं बरोबर. पण व्यायामाचे कागद मी पुष्कळ जणींना छापून देते. बऱ्याच घरी ते फ्रिजवरच्या चुंबकाखाली पिवळे पडतात. फेरातल्या बायका मात्र दसऱ्यानंतरही आठवड्यातून दोन-तीनदा गच्चीवर भेटतात, कारण खाली कुणीतरी हाक मारतं. मला सणाकडून एवढंच हवं असतं. ठरलेला दिवस, ठरलेली जागा आणि न आल्यास 'का आली नाहीस' विचारणारं माणूस.

नवरा गेलेल्या बायकांबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यात एक अक्षरही मी खोडणार नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. कागद झाला म्हणजे दार उघडलं असं नाही, हे मलाही दिसतं. भोंडला मुळात मुलींचा खेळ, त्याच्या मध्यावर हत्ती असतो, कुणाचं सौभाग्य नसतं. म्हणून तिथून सुरुवात करणं सोपं जातं. आमच्याकडे गाणी सांगतात त्या काकूंचे यजमान करोनात गेले. त्यानंतरच्या नवरात्रात त्या गॅलरीत उभ्या राहून बघायच्या. 'सगळ्यांनी यावं' असं सोसायटीच्या ग्रुपवर टाकून त्या आल्या नसत्या. दोघी जणी वर गेल्या, शब्द विसरलोय, तुम्ही सांगा म्हणाल्या. वगळलेल्या माणसाला असं नाव घेऊन, काम देऊन बोलवावं लागतं.

आता रात्री आठला घरी येणाऱ्या बाईचं. तिला मी पहाटेच्या आधी काहीही सांगणार नाही. कोमट पाणी नाही, सूर्यनमस्कार नाहीत, डायरी लिहिणं नाही. तिची झोप आधीच कमी आहे. दूध तापायला ठेवलं की ओट्याला हात टेकून टाचा वर-खाली करायच्या, तेवढ्यानं पोटऱ्यांचं काम होतं. फलाटावर गाडीची वाट बघताना खांदे मागे फिरवायचे. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं शतपावली, आणि ती एकटीनं नाही, घरात जो असेल त्याला घेऊन. जेवणानंतरच्या चालण्यानं रक्तातली साखर कमी चढते, हे नीट तपासलेलं आहे. दहा मिनिटं म्हणजे फार कमी असंही नाही. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल मोजत नसत, २०२० च्या सूचनांमध्ये ती अटसुद्धा काढून टाकली आहे. पाच मिनिटंही धरतात.

पण ही दहा मिनिटं झोपेतून काढू नका, ताई. त्या २९९ मिनिटांतून काढा. भांडी दुसऱ्या कुणाला तरी घासू द्या. ती तुमच्याइतकी स्वच्छ निघणार नाहीत, तरी घासू द्या. हे सांगितल्यावर घरात पहिले काही दिवस धुसफुस होते, ती होऊ द्यावी. एवढं न करता केलेला कुठलाही आरोग्याचा उपदेश बाईच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवतो, आणि तुम्हाला वाटलेलं अपराधीपण तिथूनच येतं असं मला वाटतं.

तुमचं माहेर जळगावकडचं असल्याचं तुम्ही ओघात लिहिलं आहे. तुमच्याकडे भुलाबाई असते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, घरोघरी जाऊन गाणी म्हणायची. आमच्या फेरात भुलाबाईची गाणी येणारं कुणी नाही. आमचा शेवटचा फेर कोजागिरीला गच्चीवर असतो, दूध आटवायचं काम यंदा पुरुषांनी अंगावर घेतलं आहे. तुम्हाला आठवत असतील तर दोन-तीन गाणी फोनवर चालीसकट रेकॉर्ड करून पाठवाल का? काकूंना चाल ऐकली की लगेच बसते. त्या बाकीच्यांना शिकवतील.