नेटवर्क कार्डची फाइल म्हणे! दाखवा की मग

सोलापुरातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलवाल्यांचे सर्व्हर बघणारी पोरंबी तोच पुढं ढकलायलेत. थोडक्यात असाय: लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सगळंच फाइल, नेटवर्क कार्डसुद्धा, म्हणून एखाद्या प्रोग्रामला वेगळं नेटवर्क द्यायचं तर फाइलची परमिशन बदला नाहीतर व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर) टाका, प्रोग्रामचा कोड बदलावा लागतो, रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) तर लागतंच, आणि एकदा वेगळं केलं की काहीच लीक होत नाही.

पहिलं फाइलचं. हार्डडिस्कची फाइल डेव्ह फोल्डरात असतीय, मान्य. ईथ-झिरोची, म्हणजे नेटवर्क कार्डाची, कुठाय बे? नाहीच. प्रोग्राम कार्ड उघडत नाही, कर्नलकडं (सिस्टीमचा गाभा) सॉकेट (नेटवर्कवर बोलायचं टोक) मागतो, ही पद्धत १९८३ च्या बीएसडी ४.२ या युनिक्स सिस्टीमपासूनची. सिस फोल्डरात कार्डांची नावं दिसतात, पण तिथं माहिती आणि सेटिंग, पॅकेट तिथून जात नाहीत. टन नावाची एक फाइल आहे खरी, पण ती व्हर्च्युअल कार्ड बनवायला, व्हीपीएनवाले वापरतात. खरोखर फाइलवालं नेटवर्क बघायचं तर बेल लॅब्जची प्लॅन ९ ही ऑपरेटिंग सिस्टीम बघा, तिथं नेट नावाचं अख्खं झाडच आहे, टीसीपीखालची क्लोन फाइल उघडली की नव्या कनेक्शनची जागा मिळते, आणि दुसऱ्या मशीनचं ते झाड आपल्याकडं जोडलं की आपला प्रोग्राम तिकडच्या कार्डातून बोलतो. म्हणजे मेसेजवाल्याची ऑपरेटिंग सिस्टीम तेवढी चुकली.

व्हर्च्युअल मशीन कशाला पाहिजे? नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे एकाच मशीनमध्ये नेटवर्कचा वेगळा कप्पा, २००८ च्या २.६.२४ कर्नलपासून यायला लागलंय. कर्नल एकच, पण प्रत्येक नेमस्पेसला आपली कार्डं, आपला रूटिंग टेबल (कुठलं पॅकेट कुठल्या वाटेनं जायचं ते), आपले फायरवॉल नियम, आपले पोर्ट. समजा ऑफिसात फायबर आहे आणि डोंगलची दुसरी लाइन आहे, बॅकअप फक्त डोंगलवरनं पाठवायचाय, तर डोंगलचं कार्ड नव्या नेमस्पेसमध्ये सरकवायचं. सरकवलं की ते मेन यादीतनं गायब होतं, कारण खरं कार्ड एका वेळी एकाच नेमस्पेसमध्ये राहतं; लगेच कार्ड जळलं म्हणून बोंब मारू नका. आयपी आणि गेटवे तिथं परत द्यावं लागतं, लूपबॅकसुद्धा (मशीननं स्वतःशीच बोलायचं कार्ड) बंदच असतं, ते चालू करा. नेमस्पेस संपलं की खरं कार्ड मेन नेमस्पेसमध्ये परत येतं. वायफाय असलं तर मात्र डब्ल्यूलॅन-झिरो हे नुसतं कार्ड हलवून चालत नाही, आयडब्ल्यू कमांडनं अख्खा फाय, म्हणजे खालचं रेडिओ हार्डवेअर, हलवावा लागतो.

कोड बदलायचं तर सोडूनच द्या. प्रोग्राम नेमस्पेसमध्ये सुरू केला की त्याचे सॉकेट तिथलेच होतात, त्याला पत्ताबी नसतो. रूटचं अर्धं खरं: खरं कार्ड हलवायला लागतं. पण २०१३ च्या ३.८ पासून यूजर नेमस्पेसमुळं (कप्प्याच्या आतपुरतेच रूटचे अधिकार) साधा यूजरही स्वतःचं नेटवर्क नेमस्पेस काढू शकतो, बिनरूटचा पॉडमन (कंटेनर चालवायचा प्रोग्राम) तसाच चालतो. उबुंटू २४.०४ हे लिनक्स मात्र ॲपआर्मर नावाचं सुरक्षेचं कुलूप लावून, परवानगीचं प्रोफाइल नसलेल्या प्रोग्रामना हे अडवतं.

आता लीकचं, हे सगळ्यात घातक. नेमस्पेस कार्डं वेगळी करतं, फाइलसिस्टीम नाही! युनिक्स सॉकेटला (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांनी आपसात बोलायचं सॉकेट) फाइलचा पाथ असेल तर ते नेमस्पेसच्या भिंतीला जुमानत नाही, आतला प्रोग्राम बाहेरच्या सर्व्हिसशी आरामात बोलतो. एनएसस्विच फाइलमध्ये (साइटचं नाव कुणाला विचारायचं त्याची यादी) रिझॉल्व्ह लिहिलेलं असलं की आतला प्रोग्राम वेबसाइटचं नाव विचारायला सिस्टीमडी-रिझॉल्व्हड या नावावरनं आयपी शोधणाऱ्या सर्व्हिसच्या सॉकेटवर जातो, रिझॉल्व्हडचा मुक्काम बाहेर, म्हणून प्रश्न फायबरवरनं जातोय आणि डेटा डोंगलवरनं. ईटीसीतल्या नेटएनएस फोल्डरात वेगळी रिझॉल्व्ह-कॉन्फ (नाव कुठल्या सर्व्हरला विचारायचं ते सांगणारी फाइल) ठेवली तरी हा रस्ता उघडाच. दुसरं, सॉकेट ज्या नेमस्पेसमध्ये जन्मलं तिथलंच राहतं, मग ते कुणाच्याबी हातात द्या. वायरगार्ड (एक व्हीपीएन) याच गोष्टीचा मुद्दाम फायदा घेतो: वायरगार्डचं कार्ड आत पाठवा, एन्क्रिप्ट केलेली पॅकेट जन्माच्या नेमस्पेसमधूनच बाहेर पडतात.

पटत नसेल तर मेन कार्डवर टीसीपीडम्प (पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावा, पोर्ट ५३ (साइटचं नाव विचारायचा), आणि नेमस्पेसच्या आतनं कधी न उघडलेल्या साइटला पिंग करा. काही हललं तर एनएसस्विचमधलं रिझॉल्व्ह काढा, नाहीतर माउंट नेमस्पेसबी (फाइलसिस्टीमचा वेगळा कप्पा) वेगळं देऊन रन फोल्डरातलं ते सॉकेट झाका, आणि मग परत टीसीपीडम्प बघा.