घडाघडा वाचतंय, पण कळतंय का?

कानाला मशीन लावणारं मूल धडा वाचतं, प्रश्नोत्तरं लिहितं, पूर्ण मार्क आणतं. तरी त्या मार्कांवर विसंबू नका. प्रश्नातला शब्द धड्यात जिथे दिसला, ती ओळ त्याने उतरवलेली असू शकते.

खरी परीक्षा घ्यायची तर खेळण्यातला कुत्रा आणि मांजर समोर ठेवा. कागदावर लिहा, 'कुत्र्याला मांजराने ढकललं.' वाचून करून दाखव म्हणा. बरीच मुलं कुत्र्यालाच ढकलायला लावतात. जे नाव आधी आलं तोच करणारा, हा त्यांचा हिशोब. 'ने', 'ला' बोलण्यात हलके आणि झटकन जातात, मशीनमधून नीट पोचत नाहीत, ओठांवरही धड दिसत नाहीत. मग छापलेले असले तरी डोळा त्यांच्यावरून घसरतो. उपाय साधा: 'ने' लाल, 'ला' निळा रंगवा, नावं उलटसुलट करा. दिवसाला चार-पाचच वाक्यं, पण प्रत्येक करून दाखवायचं.

तसंच 'तरी'चं. 'भूक नव्हती तरी त्याने भाकरी खाल्ली.' विचारा, भूक होती का? 'हो' आलं, तर 'तरी' निसटला. धड्याआधी अवघड नामांची यादी पाठ करून घेतात. हे जोडशब्द मात्र कुणी शिकवत नाही!

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, मुलाने डोळे भरून पाहिलेली असते. नंदीध्वज, अक्षता, पाळणे. शब्द मात्र कानावर पडलेले नसतात. मोबाइलमधले पाच-सहा फोटो छापा, मूल बोलून वा खुणांनी सांगेल ते त्याच्यासमोर एकेका ओळीत लिहा. दुसऱ्या दिवशी एक वाक्य मुद्दाम चुकीचं करा आणि शोधायला लावा.

खुणा केल्या की बोलणं राहतं, ही भीती सोडा. घरी तेलुगू किंवा कन्नड असेल तर तीही बंद करू नका. गोष्ट आधी आजीच्या भाषेत कळू दे, मग मराठीत वाचू दे.

सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागून कापड विणायचे माग असतात. मशीन त्यांची खडखडही मोठी करतं, म्हणून वाचन माग बंद असताना, हातभर अंतरावर, तोंडावर उजेड घेऊन. मशीनने ज्यांना आवाज मिळतो त्यांच्यासाठी रोज सकाळी तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स म्हणा आणि मूल ऐकून तेच म्हणतं का बघा. काल येत होता तो 'स' आज आला नाही, तर आधी बॅटरी बदला, मोल्डमधला (कानात बसणाऱ्या साच्यातला) मळ आणि नळीतलं पाणी बघा. तरीही येत नसेल तर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, त्याच आठवड्यात जा.